जुनी चद्दर, जुनी इस्त्री आणि घराचं तोडकाम: ॲस्बेस्टॉसची काळजी नेमकी कुठे करायची

ताई, तुमच्या प्रश्नात खरं तर चार प्रश्न आहेत, आणि ज्याने तुमची झोप उडाली आहे तो त्यांतला सर्वांत किरकोळ आहे. आधी मला काय समजलं ते सांगते, म्हणजे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला जायला नको.

इंदूरला रामबागेत सासऱ्यांनी सत्तरच्या दशकात बांधलेलं घर. गच्चीवरच्या खोलीला सिमेंटच्या नालीदार चद्दरी. ती खोली काढून तिथे पक्की खोली बांधायची आहे. ठेकेदार म्हणतो, हातोड्याने चद्दरी फोडून एका सकाळीत छत मोकळं करून देतो, तुकडे अंगणातल्या भरावात जिरवतो, मलबा उचलायचे पैसे वाचतील. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की ॲस्बेस्टॉस फक्त चद्दरीत नसतं, घरातल्या कितीतरी वस्तूंत लपलेलं असतं. तेव्हापासून तुम्ही माळ्यावरची जुनी इस्त्री, काचेचा थर्मास, जुन्या स्कूटरचे ब्रेक, मुलीची पावडर, सगळ्यांकडे संशयाने बघता आहात. वीस वर्षं त्या चद्दरीखाली झोपलो, आता काय होणार, हाही प्रश्न आहे. आणि शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंत की सासरे गिरणीत बॉयलरवर फिटर होते आणि हल्ली जिना चढताना त्यांना धाप लागते.

मी इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांमध्ये कामाच्या जागेवरची हवा तपासते. कामगाराच्या कॉलरला छोटं फिल्टर, कमरेला पंप, पाळीभर हवा ओढायची, मग त्या फिल्टरचा तुकडा ॲसिटोनच्या वाफेने पारदर्शक करून सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजत बसायचं. 5 मायक्रॉनहून लांब, 3 मायक्रॉनहून बारीक आणि जाडीच्या निदान तिप्पट लांब असेल तो तंतू मोजणीत धरायचा. या कामामुळे एक खोड लागते. कुठलीही वस्तू समोर आली की तिच्यात ॲस्बेस्टॉस आहे का, हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न असा की हिला कोण, कधी आणि कशाने कापणार, घासणार किंवा फोडणार आहे? तुमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला हा प्रश्न विचारला की यादी आपोआप लहान होते.

कारण सांगते. ॲस्बेस्टॉस हा दगडच आहे, पण असा दगड की जो उभा चिरत चिरत केसाहून शेकडो पटींनी बारीक तंतूंपर्यंत सुटत जातो. सिमेंटात घट्ट बसलेला तंतू कुणाच्या छातीत जात नाही. सुटा झाला की तो इतका हलका असतो की बंद खोलीत तासन्‌तास तरंगतो, दिसत नाही, वास येत नाही, खोकलाही येत नाही. श्वासावाटे खोल गेला तर फुफ्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळायला जातात, पण लांब तंतू त्यांना पुरता गिळता येत नाही. तो तिथेच राहतो, सूज धुमसत राहते आणि वर्षांनुवर्षांनी त्यातून फुफ्फुस निबर होण्याचा ॲस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कर्करोग किंवा मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहेत. पांढरं, तपकिरी, निळं, असा भेद त्यात नाही. "आमचं पांढरं आहे, ते निरुपद्रवी असतं" असं कोणी विक्रेता सांगेल, त्याकडे दुर्लक्ष करा.

मात्र धोका एकूण किती तंतू आणि किती काळ आत गेले यावर चढत जातो. सुरक्षित अशी खालची पातळी कोणी दाखवून दिलेली नाही, हे खरं. पण एकदा तुकडा हाताळला म्हणजे आजार ठरलेला, असंही नाही. या दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवणं अवघड जातं, म्हणून माणसं एक तर घाबरून जातात नाही तर हसण्यावारी नेतात.

आता चद्दर. तुमच्याकडची चद्दर ॲस्बेस्टॉसची आहे का, हे मी दुरून सांगू शकत नाही. पण सत्तरच्या दशकातली करड्या रंगाची नालीदार सिमेंटची चद्दर असेल तर तशी आहे असंच धरून चालावं. आपल्याच मध्यप्रदेशात कटनीजवळ कैमोरला 1930 च्या दशकातच या चद्दरींचा कारखाना उभा राहिला, आणि पुढे स्वस्त, न गंजणारं, टीनापेक्षा कमी तापणारं छत म्हणून गोदामापासून गच्चीवरच्या खोलीपर्यंत सगळीकडे हीच चद्दर गेली. तिच्यात साधारण दहा टक्क्यांच्या आतबाहेर पांढरं ॲस्बेस्टॉस असतं, बाकी मुख्यतः सिमेंट. नव्या चद्दरीत तंतू चांगले जखडलेले असतात. चाळीस-पन्नास वर्षं ऊन-पाऊस खाल्लेल्या चद्दरीचा वरचा सिमेंटचा थर झिजतो, पृष्ठभाग खरखरीत होतो, शेवाळ धरतं आणि तंतू उघडे पडतात. पन्हाळीत आणि चद्दरीच्या कडेखाली जो काळपट गाळ साचतो, त्यात ते येऊन बसतात. पावसाळ्याआधी गच्ची झाडताना तो वाळलेला गाळ खराट्याने उडवणं ही या घरातली आजवरची सर्वांत वाईट सवय असेल. चद्दरीखाली झोपणं त्यामानाने काहीच नाही.

आणि तुमच्या ठेकेदाराची योजना? मला विचाराल तर घरातल्या सगळ्या वस्तूंचा मिळून जितका धोका आहे त्याहून जास्त धोका त्या एका सकाळीत आहे. हातोड्याने चद्दर फोडली की प्रत्येक तुटलेल्या कडेतून तंतू सुटतात. गंजलेले हुक-बोल्ट निघत नाहीत म्हणून मिस्त्री ग्राइंडर लावतो, आणि ग्राइंडरची चकती चद्दरीला लागली की पीठच उडतं. ते पीठ मिस्त्रीच्या छातीत, त्याच्या शर्टावर, तुमच्या खालच्या मजल्यावरच्या पडद्यांवर आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवर जातं. तो शर्ट घरी जाऊन कोण झटकतं? त्याची बायको. कारखान्यातल्या कामगारांच्या कपड्यांवरच्या धुळीने घरातल्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात पुष्कळ आहेत.

भरावात तुकडे घालायला तर साफ नकार द्या. आज झाकलं जाईल, पण दहा वर्षांनी कुणी नळाची लाइन टाकायला तिथेच कुदळ मारेल आणि त्याला कल्पनाही नसेल.

मग काय करायचं? हात न लावता राहता येत असेल तर सर्वांत उत्तम. चद्दर अखंड असेल तर पृष्ठभाग न घासता वरून ॲक्रिलिक रंगाचे दोन हात दिले की तंतू पुन्हा जखडले जातात. पण तुम्हाला तिथे पक्की खोलीच हवी आहे, म्हणजे चद्दरी उतरवाव्या लागणार. त्या उतरवता येतात, फक्त सावकाश.

पहिली गोष्ट ॲस्बेस्टॉसबद्दल नाहीच. जुन्या चद्दरीवर कोणीही थेट पाय ठेवायचा नाही. ती ठिसूळ असते आणि माणूस आरपार खाली जातो. कर्करोगाला वीस-तीस वर्षं लागतात, पडायला क्षण पुरतो. खालच्या लोखंडी अँगलवर आडव्या फळ्या टाकून त्यावरूनच वावरायचं, नाही तर आतून घोडी लावून खालून काम करायचं. खोली लहान आहे, तुम्हाला खालून करणंच सोयीचं पडेल.

आदल्या संध्याकाळी बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी वारा नसताना चद्दरी भिजवून घ्या. नुसतं पाणी वरून ओघळून जातं, म्हणून त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब टाका. बागेतल्या झारीने किंवा फवाऱ्याच्या पंपाने हलकं शिंपडा. प्रेशरवाला पाइप अजिबात नको, तो वरचा थरच उडवतो. बोल्ट पान्याने सोडवा, सुटत नसेल तर हुक खालच्या बाजूने बोल्ट-कटरने तोडा. ग्राइंडर, करवत, हातोडा त्या दिवशी घरी आणायचेच नाहीत. तीन मीटरची चद्दर 40 किलोच्या आसपास भरते, तेव्हा दोन माणसांनी धरून अखंड खाली द्यायची, ढकलायची किंवा टाकायची नाही. खाली जाड प्लास्टिक आधीच अंथरलेलं असावं. चद्दरी ओल्या असतानाच त्यात गुंडाळून चिकटपट्टीने बंद करा आणि वर मोठ्या अक्षरांत "ॲस्बेस्टॉस, फोडू नये" असं हिंदीत लिहा, कारण पुढे ते वाचणारा माणूस हिंदी वाचणारा असेल.

काम करणाऱ्यांना एन-95 हून वरच्या दर्जाचा मास्क हवा, पी-100 किंवा एफएफपी-3. गमछा बांधून काही उपयोग नाही, आणि दाढी असेल तर मास्क कडेने गळतो. कपडे जुने असावेत, तिथेच ओले करून पिशवीत जावेत. काम चालू असताना मुलीला आणि सासऱ्यांना नातेवाइकांकडे पाठवा. खालच्या मजल्याच्या खिडक्या बंद आणि कूलर बंद. कूलर लोक नेहमी विसरतात. आपण इंदूरवाले उन्हाळ्यात ते यंत्र चालूच ठेवतो, आणि ते बाहेरची हवाच आत ओढतं. काम झाल्यावर झाडू नको, ओल्या फडक्याने पुसून फडकी टाकून द्या. घरातला व्हॅक्युम क्लीनर लावू नका. त्याचं फिल्टर इतकं बारीक धरत नाही, तो तंतू मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो.

उतरवलेल्या चद्दरींचं करायचं काय, इथे माझ्याकडे तुमच्या समाधानाचं उत्तर नाही. सगळ्यांना वाटतं, आपल्या शहरात कचऱ्याची व्यवस्था देशात पहिली, मलबाही महापालिका वेगळा उचलते. खरंच उचलते. पण देवगुराडियाच्या प्रकल्पात मलबा भरडून त्याचे पेव्हर ब्लॉक वगैरे करतात. तुमची चद्दर मलब्यात मिसळून गेली तर ती थेट भरडायच्या यंत्रात जाईल. म्हणून मलब्यात मिसळू देऊ नका. पीथमपूरला घातक कचऱ्याची जागा आहे, तीच, जिथे भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन कचरा 2025 मध्ये जाळला. पण ती प्रामुख्याने उद्योगांच्या कचऱ्यासाठी आहे, एका घराच्या दहा-बारा चद्दरी तिथे पोचवणं सोपं नाही. महापालिकेच्या झोन कार्यालयाला लेखी कळवून, चद्दरी गुंडाळलेल्या अवस्थेत वेगळ्या उचलायला सांगा आणि उत्तर येईपर्यंत कोपऱ्यात ठेवा. गुंडाळलेली अखंड चद्दर कोपऱ्यात पडून कुणाला त्रास देत नाही.

कबाडी अखंड चद्दरी विकत घ्यायला तयार होईल. तो त्या कुणाच्या तरी झोपडीवर घालायला विकेल. माझ्या ओळखीतले बरेच जण देतात आणि म्हणतात, फुटण्यापेक्षा वापरात गेली हे बरं. हिशेबाने त्यांचं अगदी चूक नाही. मला मात्र ते जमत नाही. पुढे ती चद्दर कोण कापणार आहे हे मला माहीत आहे आणि त्याला कोणी सांगणार नाही, हेही.

आता घरात जे खरोखर लपलेलं असू शकतं त्याकडे वळू. ते माळ्यावर नाही, भिंतीत आहे. त्या काळात ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या सपाट शीट मिळायच्या. पार्टिशनला, छताखाली, न्हाणीघराच्या वरच्या भागात, स्वयंपाकघरातल्या फळ्यांना त्या लावत. चार-पाच रंग चढल्यावर ती भिंतच वाटते, आणि मग कुणीतरी घड्याळासाठी खिळा ठोकतो किंवा एसीच्या पाइपसाठी ड्रिल लावतो. टकटक करून बघा. विटेचा आवाज भरीव येतो, प्लायवुडचा पोकळ लाकडी, आणि सिमेंट शीटचा कोरडा, टणक, पातळ. ही खात्रीची परीक्षा नव्हे, पण ड्रिल थांबवायला पुरेशी आहे. दुसरी जागा म्हणजे बाहेरच्या भिंतीवरचे जुने पाइप. गच्चीचं पाणी खाली आणणारे किंवा संडासाचे वर गेलेले व्हेंट पाइप करडे आणि जाड असतील आणि जोडाशी रुंद तोंडाचे असतील तर ते ओतीव लोखंडाचे किंवा ॲस्बेस्टॉस सिमेंटचे. चुंबक लावा. चिकटला नाही तर दुसरा संशय धरा. हे पाइप मिस्त्री नेहमी हातोड्यानेच पाडतात. तुमच्या कामात न्हाणीघर बदलणं असेल तर तिथे लक्ष ठेवा.

जुनी टाकी किंवा पाण्याचा पाइप ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असला तर पाण्यातून पोटात जाण्याची चिंता कमी ठेवा. पोटात गेलेल्या तंतूंनी आजार होतो असा सुसंगत पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्याच्या संदर्भात म्हटलेलं आहे. प्रश्न श्वासाचा आहे. म्हणजे पुन्हा तेच, टाकी काढताना फोडायची नाही.

आणि ज्या वस्तूंनी तुम्हाला घाबरवलं त्या. जुन्या इस्त्रीत तापणाऱ्या तारेच्या वर, झाकणाच्या खाली ॲस्बेस्टॉसचा पुठ्ठ्यासारखा तुकडा असायचा, आयटीआयच्या पुस्तकांत इस्त्रीच्या भागांत तो नावाने दिलेला असे. बंद इस्त्रीतून तुम्हाला काही होत नाही. ती उघडू नका, मुलीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी उघडू देऊ नका, ई-वेस्टच्या डब्यात द्या. काचेच्या थर्मासमध्ये दोन काचांच्या मधे करड्या-तपकिरी रंगाच्या छोट्या टिकल्या दिसतात, आत डोकावलंत तर दिसतील. त्या पूर्वी ॲस्बेस्टॉसच्या असत. युरोपात अशा टिकल्यांमुळे बाहेरून आलेले थर्मास बाजारातून परत घेतले गेले आहेत. अखंड थर्मास सीलबंद आहे. फुटला तर ओला करून, कागदात गुंडाळून टाका, झाडू नका. तसंही काच असते. जुन्या चिनी मातीच्या काही किटकॅट फ्यूजमध्ये तारेभोवती ॲस्बेस्टॉसची पट्टी असे. वायरिंग बदलायला आलेला इलेक्ट्रिशियन ते काढेलच, त्याला नुसतं ओलं करून पिशवीत टाकायला सांगा. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तारेच्या जाळीवरचं पांढरं वर्तुळही पूर्वी ॲस्बेस्टॉसचंच असे, आता सिरॅमिकचं येतं. घरी कुणी जुनी जाळी शेगडीवर वापरत असेल आणि पांढरा भाग सुटत असेल तर ती मात्र टाकाच, कारण ती खरोखर भुकटी सोडते.

स्कूटरचं वेगळं आहे. ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस वर्षानुवर्षं वापरलं गेलं. घासताना उष्णतेने त्यातल्या बऱ्याच भागाचं दुसऱ्याच खनिजात रूपांतर होतं, पण थोडं उरतं. स्कूटर चालवणाऱ्याला त्याचा त्रास नगण्य. मेकॅनिक ड्रम उघडून हवेच्या पाइपने फुस्स करून धूळ उडवतो, तो क्षण वाईट, आणि तो रोज तिथे उभा असतो. ओल्या फडक्याने पुसायला सांगा, आणि नवे ब्रेक-शू घेताना पाकिटावर ॲस्बेस्टॉसविरहित लिहिलेलं बघून घ्या.

पावडर. टाल्कम म्हणजे शंखजिरं, आणि काही खाणींत शंखजिऱ्याच्या शेजारीच ॲस्बेस्टॉसवर्गीय खनिजं सापडतात. त्यामुळे भेसळ मुद्दाम कुणी केली नाही तरी होऊ शकते. त्याच कर्करोग संशोधन संस्थेने 2024 मध्ये टाल्कला माणसात बहुधा कर्करोग करणाऱ्या गटात टाकलं, आणि ॲस्बेस्टॉस मिसळलेलं टाल्क तर आधीपासूनच पहिल्या गटात आहे. लहान मुलांना अंगभर पावडर फासायची गरज नसतेच. हवीच असेल तर मक्याच्या पिठाची मिळते. एवढ्यावर हा विषय मी सोडते.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: माळ्यावरच्या वस्तू न उघडता काढून टाका, भिंतीतली शीट आणि पाइप काम सुरू होण्याआधी शोधा, चद्दर भिजवून अखंड उतरवा, आणि ठेकेदाराचा हातोडा थांबवा. महत्त्वाचा क्रम मात्र याच्या उलटा आहे, हातोडा पहिला.

खात्री करून घ्यायची असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. डोळ्यांनी, हाताने किंवा वासाने ॲस्बेस्टॉस ओळखता येत नाही. काचलोकरीने अंग खाजतं, ॲस्बेस्टॉसने खाजतही नाही. लायटरची ज्योत लावून बघा म्हणणारे भेटतील, तसं करू नका. ज्या चद्दरीची आधीच एखादी कड तुटलेली आहे तिथला भाग ओला करून, बोटाच्या पेराएवढा तुकडा चिमट्याने घ्या आणि दुहेरी पिशवीत बंद करा. एनएबीएल या प्रयोगशाळांना प्रमाणित करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने तंतू ओळखणारी प्रयोगशाळाच हवी. फोनवर हे दोन प्रश्न विचारले की कळतं. पण चद्दरीच्या बाबतीत मी ते पैसे खर्च करणार नाही, आहे असंच धरेन. पार्टिशनच्या शीटसाठी करेन, कारण तिथे नसण्याची शक्यता बरीच असते आणि निकालावर कामाची पद्धत बदलते.

वीस वर्षं चद्दरीखाली झोपलात, त्याबद्दल. अखंड चद्दरीखालच्या हवेत तंतूंची संख्या साधारण बाहेरच्या हवेइतकीच असते. तुम्ही, तुमचे पती, मुलगी यांनी यासाठी एक्स-रे काढायची गरज मला दिसत नाही. काही वर्षांपूर्वी आत गेलेले तंतू एक्स-रेत दिसतही नाहीत. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती सुटणं जास्त महत्त्वाचं. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस यांचा फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता एकात एक मिळत नाही, तो कितीतरी पटींनी वाढतो.

सासऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातली सर्वांत मोठी गोष्ट तीच. गिरण्यांमध्ये बॉयलर आणि वाफेचे नळ यांच्यावर ॲस्बेस्टॉसचा लेप आणि दोरी असायची. फिटरला दुरुस्तीसाठी ती खरडून काढावी लागायची आणि नंतर सुकी भुकटी कालवून पुन्हा लावावी लागायची. कुणी मास्क देत नव्हतं. इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली, नंतर इतरही बंद झाल्या. या आजारांना पहिल्या संपर्कापासून दिसायला बहुतेक वेळा वीस ते चाळीस वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. गिरणीतल्या त्या पिढीचा नेमका तो काळ आता चालू आहे. धाप म्हणजे तोच आजार असं मुळीच नाही. या वयात हृदय, दमा, रक्त कमी असणं, कशानेही धाप लागते. पण त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे न्या, आणि "म्हातारपण आहे" यावर परतू नका. डॉक्टरांना स्वतःहून सांगा: अमुक साल ते अमुक साल, बॉयलर खात्यात फिटर, ॲस्बेस्टॉसचा लेप हाताने काढत आणि लावत. डॉक्टर कामाचा इतिहास दर वेळी विचारतात असं नाही, आणि तो कळल्याशिवाय एक्स-रेकडे त्या नजरेने बघितलं जात नाही. एक्स-रे आणि फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी, गरज वाटली तर सीटी. सासूबाई आहेत का, तुम्ही लिहिलेलं नाही. असतील तर त्यांचीही छाती तपासून घ्या, कारण ते कपडे त्या धूत असणार.

ॲस्बेस्टॉसिस कायद्याने सरकारला कळवण्यायोग्य व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1995 मध्ये निकाल दिला. त्यात अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी सुरू झाल्यापासून 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायला सांगितलं. बंद गिरणीच्या नोंदी आज कुठून मिळणार, हा प्रश्न आहेच. म्हणून सासऱ्यांचं जुनं गेट-पास, ईएसआयचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, जे असेल ते फाइलला लावून ठेवा.

राहिलं नवं छत. खोली पक्की करत असाल तर प्रश्न मिटला. पण जिन्यावर किंवा ओसरीवर पुन्हा काही घालणार असाल तर दुकानदार तीच चद्दर दाखवेल. युरोपीय संघात 2005 पासून आणि त्याआधीच ब्रिटनमध्ये बंदी आहे, ब्राझीलने 2017 मध्ये बंद केली, अमेरिकेने 2024 मध्ये क्रिसोटाइलवर, म्हणजे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर, बंदी आणली. आपल्याकडे खाणी बंद आहेत, पण कच्चा माल आयात करून चद्दर बनवणं आणि विकणं कायदेशीर आहे. दुकानदार गुन्हा करत नाही, पण तुम्ही घेतलीच पाहिजे असंही नाही. रंगीत प्रोफाइल पत्रा उन्हाळ्यात तापतो आणि पावसात वाजतो, त्याखाली इन्शुलेशन लावलं तर निभतं. बिनॲस्बेस्टॉसची फायबर सिमेंट चद्दरही मिळते, थोडी महाग. बिलावर तसं लिहून घ्या.

ठेकेदाराशी पुन्हा बोलाल तेव्हा चद्दरी उतरवायचा ठोक भाव ठरवू नका. ठोक भावात त्याला फोडणंच परवडतं. नगावर भाव ठरवा, अखंड खाली आलेल्या चद्दरीचे पैसे, तुटलेलीचे नाहीत, आणि हे मिस्त्रीच्या समोर सांगा.